आण्णांचे आठ हंगाम

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यात मीही होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही आणि माझी नेमणूक त्या तारखेनंतरची. 14 मार्चला संप सुरू झाला, 20 ला मिटला. त्या आठवड्यात सकाळी इंदापूरला जायचं, घोषणा द्यायच्या आणि संध्याकाळी लोणी देवकरला परत यायचं, असा क्रम होता. एका रात्री जेवताना आण्णा म्हणाले, "तुमच्या पेन्शनीचं सरकार काय ते बघंल. पण कारखान्यात आमचा फंड कापत हुते, त्याचं काय झालं आसंल रं?"

आण्णा म्हणजे माझे वडील. कागदावर तेव्हा त्यांचं वय 64. हा विषय आमच्या घरात कधी निघालाच नव्हता, कारण पेन्शन ही मास्तरला, तलाठ्याला, एसटीतल्या माणसाला मिळते, हंगामी कामगाराला नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आण्णांनीही धरलं होतं. माझ्या संपामुळे त्यांच्या मनात काहीतरी हललं आणि त्यांनी विचारलं. त्या एका प्रश्नामागे पुढे वर्षभर मी फिरत होतो.

आण्णांची नोकरी दोन तुकड्यांत झाली. 1996-97 च्या गळितापासून 2003-04 पर्यंत ते जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मिल हाऊसला हंगामी कामगार होते. दिवाळीच्या आसपास गव्हाणीत मोळी पडली की हजर व्हायचं, आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला की घरी यायचं. तीन पाळ्यांत काम. बगॅसचा भुसा कानात, नाकात, कपड्यात. लहानपणी त्यांच्या अंगाला येणारा मळीचा वास मला अजून आठवतो. 2002 नंतर उसावर लोकरी मावा पडला, पाठोपाठ 2003 चा दुष्काळ आला. 2003-04 चा हंगाम कारखान्यानं कसाबसा काढला, कारण शिवारात ऊसच नव्हता. पुढच्या वर्षी हंगामी लोकांना बोलावणं आलं नाही. मग गावातल्या चारपाच जणांबरोबर आण्णा बारामती एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडे लागले, पॅकिंग आणि लोडिंगला. 2007 च्या सुरुवातीला गुडघ्यानं साथ सोडली आणि ते कायमचे घरी आले.

त्यानंतर सोळा वर्षं कुणी त्यांना काही कळवलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

आमच्याकडे सगळ्याला मिळून 'फंड' म्हणतात. "फंड कापला", "फंड काढला", बस्स. पण पगारातून आणि मालकाकडून जी रक्कम भविष्य निर्वाह निधीकडे जाते, तिचे आत दोन कप्पे आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. कामगाराची सगळी रक्कम भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जाते. मालकाच्या रकमेतला मात्र पगाराच्या 8.33 टक्के एवढा भाग पेन्शनच्या योजनेत जातो. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 पासूनची, म्हणून तिला ईपीएस-95 म्हणतात. पगार कितीही असला तरी ही टक्केवारी एका मर्यादेपर्यंतच्या पगारावरच निघते. ती मर्यादा आधी 5,000 रुपये होती, 2001 मध्ये 6,500 झाली आणि सप्टेंबर 2014 पासून 15,000 आहे. निधीचं खातं पासबुकासारखं, त्यात शिल्लक दिसते. पेन्शनच्या कप्प्यात शिल्लक मोजत नाहीत, तिथे वर्षं मोजतात. दहा वर्षं भरली की वयाच्या 58 व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन, आणि नंतर बायकोला त्याच्या निम्मी.

म्हणून "माझा फंड तेव्हाच काढला" असं कुणी सांगितलं, तरी मी आता लगेच सोडून देत नाही. फंड काढायचा फॉर्म वेगळा, तो 19 नंबरचा. पेन्शनची रक्कम काढून घ्यायचा फॉर्म वेगळा, तो टेन-सी. कित्येकांनी फक्त पहिला भरलेला असतो आणि त्यांची पेन्शनची वर्षं दप्तरात तशीच उभी असतात. आण्णांनी तर दोन्हीतलं काहीच भरलं नव्हतं. "पुढच्या सालाला बोलावतील म्हणून काढला न्हाई," ते म्हणाले. बोलावणं येईल या आशेवर त्यांनी पैसे तसेच ठेवले, आणि त्या आशेनंच त्यांचं पुढे भलं केलं.

पहिली अडचण खातं नंबरची. आता सगळ्यांना यूएएन असतो, बारा आकडी, नोकरी बदलली तरी तोच. पण तो आला ऑक्टोबर 2014 मध्ये. त्याआधी नोकरी सुटलेल्या माणसाकडे फक्त त्या त्या कारखान्याचा कोड आणि त्यापुढे त्याचा स्वतःचा नंबर. तो नंबर दरवर्षी मिळणाऱ्या फंडाच्या स्लिपेवर छापलेला असायचा. आमच्या घरातल्या स्लिपा कधीच चुलीत गेल्या होत्या. आईनं सगळ्या पिशव्या सोडून पाहिल्या. त्यांत निघालं ते कारखान्याच्या सेवकांच्या पतसंस्थेचं पासबुक. बहिणीच्या लग्नात आण्णांनी तिथून कर्ज घेतलं होतं. पहिल्या पानावर नाव, खातं, मिल हाऊस आणि कारखान्यातला तिकीट नंबर.

तो तिकीट नंबर घेऊन आम्ही कारखान्याच्या टाइम ऑफिसला गेलो. तिथले क्लार्क निवृत्तीला आलेले. आण्णांना पाहताच त्यांनी विचारलं, "तुम्ही बी शिफ्टला होता ना? उंच, टॉवेल बांधून यायचा?" आण्णा एकदम सरळ झाले. वीस वर्षांनी कुणीतरी त्यांना कामावरून ओळखलं होतं. क्लार्कनी जुनी रजिस्टरं काढायला लावली. हंगामवार हजेरी, पगारपत्रक, आणि त्याला जोडून फंडाच्या वर्षवार नोंदीचे तक्ते, ज्यांना दप्तरी भाषेत थ्री-ए म्हणतात. आठही हंगामांत आण्णांचं नाव होतं. एका हंगामात दीडशेच्या वर हजेऱ्या, एकात शंभराच्या आतच. फंडाचा नंबर सगळीकडे एकच. तो मी मोबाइलमध्ये लिहिला, वहीत लिहिला आणि हातावरही लिहिला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो: फंडाची स्लिप नाही म्हणून घरी बसू नका. पतसंस्थेचं पासबुक बघा, ईएसआयचं कार्ड बघा, कंपनीचं ओळखपत्र, बोनसची पावती, अपघाताचा कागद, काहीही. त्यावर तिकीट नंबर असतो आणि तिकीट नंबरावरून हजेरी बुक निघतं. कंपनीचा कोड भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावानं शोधता येतो. कंपनी बंद झाली असली तरी तिचं नाव तिथे सहसा असतं. मोठ्या काही कंपन्यांचे फंडाचे स्वतःचे ट्रस्ट असतात, तेव्हा फंड ट्रस्टकडे मागायचा, पण पेन्शनचा भाग मात्र ट्रस्टकडे नसतो, तो सरकारी योजनेतच जातो. हा फरक माहीत नसल्यामुळे ट्रस्टनं "आमच्याकडे काही शिल्लक नाही" म्हटलं की माणसं परत फिरतात.

कारखान्याचे कागद हातात आले, तसा मी तालुक्याच्या गावी फॉर्म भरून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. त्यानं पाटीवर हिशोब मांडावा तसा झटकन मांडला. आठ हंगाम, प्रत्येकी सरासरी पाच महिने, म्हणजे 40 महिने. बारामतीचे सव्वीस-सत्तावीस महिने धरले तर एकूण साडेपाच वर्षं. "सर, दहा वर्षं होत नाहीत. टेन-सी भरू, चौदा-पंधरा हजार सुटतील, फंडाचे वेगळे. उद्या सही घेऊन या." आण्णा तयार झाले होते. "पंधरा हजार बी काय कमी हायेत का," म्हणाले. मलाही हिशोब बरोबरच वाटला, पण अजून बारामतीचे कागद हाती नव्हते, म्हणून सही थांबली. ती थांबली हे आमचं नशीब.

त्या मधल्या दिवसांत मी पुण्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात चौकशीला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कारखान्याचं नाव वाचलं आणि विचारलं, "वडील कायम होते की हंगामी?" हंगामी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग महिने मोजू नका. हंगाम मोजा. एक हंगाम म्हणजे एक वर्ष."

हे योजनेतच लिहिलेलं आहे. हंगामी आस्थापनेत काम करणाऱ्यानं एखाद्या वर्षात प्रत्यक्ष काम वर्षभरापेक्षा कमी केलं असलं, तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरायचं. ज्यांनी हा नियम केला त्यांना साखर कारखाना माहीत असणार. कारखाना वर्षभर चालत नाही, यात कामगाराचा काय दोष? आठ हंगाम म्हणजे आठ वर्षं. दुष्काळातला तो अर्धामुर्धा हंगामसुद्धा पूर्ण वर्ष. शिवाय शेवटी सहा महिने किंवा जास्त उरले तर तेही वर्षात धरतात. म्हणजे बारामतीचं दीड वर्ष जरी सिद्ध झालं, तरी दहा भरत होती.

इंदापूर-बारामती भागात साखर कारखान्यांना तोटा नाही. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. या सगळ्यांच्या गाळपावर हंगामी माणसांच्या पिढ्या राबल्या. त्यांतले किती जण महिने मोजून टेन-सी भरून बसले असतील, याचा विचार मनात आला की माझा जीव कासावीस होतो. टेन-सी एकदा भरून पैसे घेतले की ती वर्षं पुसली जातात. चौदा-पंधरा हजारांवर आयुष्यभराची पेन्शन आणि मागे राहणाऱ्या बाईचा आधार सुटतो. वय 58 च्या आत असेल आणि वर्षं दहापेक्षा कमी असतील, तरी पैसे न घेता स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. त्या कागदावर झालेली वर्षं लिहून मिळतात आणि पुढच्या नोकरीत ती मिळवता येतात. हे सांगणारं माणूस गावात असायला हवं.

बारामतीचं काम कारखान्यापेक्षा अवघड निघालं. कंपनी चालू होती, ठेकेदार नव्हता. त्याचा पत्ता म्हणजे एका इमारतीतला गाळा, तिथे आता मोबाइलचं दुकान. आण्णांना त्याचं आडनाव तेवढं माहीत, आणि पगाराच्या दिवशी तो पांढऱ्या जीपमधून यायचा एवढं. फंड कापत होता हे नक्की, कारण पगार हातात देताना तो दरवेळी बोलून दाखवायचा. कापलेला भरला का, ही खरी भीती. ठेकेदारानं कापलं आणि भरलंच नाही, अशा गोष्टी आमच्याकडे घरोघरी ऐकायला मिळतात.

पण कायद्यानं ठेकेदाराच्या कामगारांच्या फंडाची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते. म्हणून आम्ही ठेकेदाराला शोधायचं सोडलं आणि कंपनीच्या गेटवर अर्ज दिला. अर्जात साल लिहिलं, खातं लिहिलं, बरोबर काम केलेल्या दोघांची नावं लिहिली. बरेच दिवस काही झालं नाही. मग एचआरमधल्या एका तरुण मुलीनं फोन करून सांगितलं की ठेकेदाराची बिलं पास करताना फंडाच्या चलनाची प्रत जोडावी लागायची, त्या फायली गोडाऊनमध्ये आहेत. तिनं त्या काढल्या. ठेकेदाराचा कोड मिळाला आणि कामगारांची यादीही. आण्णांचं नाव यादीत होतं. मधले काही महिने भरलेले नव्हते, पण दोन वर्षांच्या वर भरणा झालेला होता. त्या मुलीचे वडील कुठल्यातरी कारखान्यात बॉयलिंग हाऊसला होते, हे मला नंतर कळलं.

न भरलेल्या महिन्यांसाठी तक्रार करता येते, चौकशी बसते, कामगाराचे कापून न भरणं हा गुन्हा आहे. आम्हाला दहा वर्षांसाठी त्या महिन्यांची गरज नव्हती, म्हणून तो रस्ता धरला नाही. ज्याला गरज असेल त्यानं धरावा.

आता कागद दोन्हीकडचे झाले आणि नवा पेच उभा राहिला. कारखान्याच्या दप्तरात आण्णांचं घरात हाक मारायचं नाव, पुढे वडिलांचं नाव, आडनाव नाहीच. ठेकेदाराच्या यादीत आडनाव आहे पण जन्मसाल 1961. आधारवर शाळेतलं नाव आणि जन्मतारीख 1 जून 1958. आमच्या पिढीआधीच्या निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून आहे, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. मी शिक्षक असल्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला काढायला अडचण आली नाही. नाव आणि तारीख दुरुस्तीसाठी कामगार आणि मालक यांनी मिळून सही करायचा एक फॉर्म असतो, जॉइंट डिक्लेरेशन. कारखान्यानं त्याच्या भागावर सही-शिक्का दिला. ठेकेदाराचं खातं बंद असल्यामुळे त्या भागासाठी राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घेतलं, सोबत शाळेचा दाखला, आधार आणि कंपनीचं पत्र लावलं. आण्णा प्रत्येक कागदावर सही करताना पेन घट्ट धरून पूर्ण नाव लिहीत. कारखान्यात ते पगाराला अंगठा लावायचे नाहीत, सहीच करायचे, हे त्यांनी मला त्या वर्षात पुष्कळदा सांगितलं.

पेन्शनच्या अर्जाचा नंबर टेन-डी. त्यात जोडीनं काढलेला फोटो लागतो. इंदापूरला स्टुडिओत आईला खुर्चीवर बसायला सांगितलं तर ती म्हणाली, "माजा कशाला फोटू? काम तर ह्यांनी केलं." मी तिला सांगितलं की उद्या आण्णांच्या मागे ही पेन्शन तुझ्या नावावर येणार आहे, म्हणून फोटो लागतो. त्यावर आई काही बोलली नाही. पदर सारखा करून बसली. मला मात्र वाटतं, काम तिनंही केलं. आण्णा रात्रपाळीला असताना दारं धरणं, गुरं, आम्ही दोन पोरं, सगळं तिच्यावर. योजनेत तिच्या नावाचा अर्धा वाटा आहे तो दयेचा नाही.

कारखान्याकडून आणखी एक दाखला लागला, आण्णा हंगामी होते आणि कुठल्या कुठल्या हंगामात होते याचा. हा कागद नसता तर पुन्हा महिन्यांचाच हिशोब झाला असता. दर महिन्याच्या 27 तारखेला भविष्य निर्वाह निधीची माणसं प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेतात. त्या शिबिरात मी सगळी फाइल दाखवून घेतली, म्हणजे नंतर त्रुटी निघायला नको. ऑनलाइन तक्रारीची सोयही आहे आणि तिथे टाकलेल्या अर्जाला नंबर मिळतो. तोंडी चौकशीपेक्षा त्या नंबराला वजन असतं.

2024 च्या सुरुवातीला पेन्शनचा आदेश आला. आण्णांचा बारामतीतला शेवटच्या 12 महिन्यांचा सरासरी पगार 2,600 रुपये. (आता नोकरी सोडणाऱ्यांची 60 महिन्यांची सरासरी धरतात.) पगार गुणिले वर्षं, भागिले 70, असं हे गणित आहे. 2,600 गुणिले 10 भागिले 70 म्हणजे 371 रुपये. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये ठरलेली असल्यामुळे आण्णांना महिन्याला हजार रुपये मंजूर झाले. 58 पूर्ण झाले जून 2016 मध्ये, तिथपासूनची थकबाकी नव्वद हजारांच्या वर बँकेत जमा झाली. फंडाच्या खात्यातली पडून राहिलेली रक्कम व्याजासह वेगळी मिळाली. अशा पडून राहिलेल्या खात्यांवरचं व्याज 2011 पासून थांबवलं होतं, 2016 मध्ये नियम बदलून ते पुन्हा सुरू केलं, त्याचा आण्णांना फायदा झाला.

आण्णांनी पहिली विचारलेली गोष्ट, "दर म्हैन्याला येणार? मरस्तवर?" हो म्हटल्यावर ते ओट्यावर जाऊन बसले आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगत राहिले. थकबाकीतून आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

हजार रुपये ही रक्कम 2014 मध्येही थोडी होती. त्यानंतर औषधांचे, गॅसचे, एसटीच्या तिकिटाचे भाव कुठे गेले हे मी सांगायला नको. बुलढाण्यात ईपीएस-95 च्या पेन्शनरांनी डिसेंबर 2018 मध्ये साखळी उपोषण सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं चालवलं. किमान 7,500 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, ही त्यांची मागणी. त्यांत एसटीचे आहेत, वीज मंडळाचे आहेत, सहकारी कारखान्यांचे आहेत, सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं. मी माझ्या पेन्शनसाठी घोषणा दिल्या तेव्हा आमच्या मागे संघटना होती, शाळा बंद पाडण्याची ताकद होती. या म्हाताऱ्यांनी काम बंद करायचं म्हटलं तर बंद करायला काम कुठे आहे? त्यांची मागणी रास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि या सगळ्या हिशोबात जे येतच नाहीत ते ऊसतोड कामगार. ज्या हंगामाला आण्णांच्या दप्तरात एक वर्ष धरलं, त्याच हंगामात बीड आणि नगरकडच्या टोळ्या आमच्याच शिवारात पहाटे तीनला ऊस तोडत होत्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. मुकादमाची उचल, आणि ती फिटेपर्यंत काम. त्यांचं नाव कुठल्या हजेरी बुकात नाही, कुठल्या थ्री-एच्या तक्त्यात नाही, म्हणून त्यांच्या हंगामांचं वर्ष होत नाही. ऊस तोच आणि कारखानाही तोच. आण्णांच्या पेन्शनीचा आनंद मला पुरता वाटतो, पण टोळ्यांच्या कोप्या आठवल्या की त्यात खुपल्यासारखं होतं.

आण्णांचं ऐकून गावातली माणसं यायला लागली. लोणी देवकरच्या शिवारातच आता सोलापूर हायवेला लागून एमआयडीसी आहे. तिथल्या पोरांचे प्रश्न वेगळे. दर वर्षी ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार नवा यूएएन काढतो, मग एकाच पोराचे दोन-तीन यूएएन. त्यांना मी एकच सांगतो, आधारला जोडलेला एक नंबर ठेवा, जुनी खाती त्यात वळती करा आणि सोडल्याची तारीख मालकाकडून चढवून घ्या. ती तारीख नसली की पुढे सगळं अडतं. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कला आमच्या भागातल्या पुष्कळ बायका बसनं जातात. त्यांतल्या कित्येकींना आपल्या नावावर पेन्शनची वर्षं चढतायत, हेच माहीत नव्हतं. लग्नाआधीचं नाव कंपनीत आणि नंतरचं आधारवर, ही त्यांची अडचण. ती आत्ताच, नोकरी चालू असताना, सुटते. वीस वर्षांनी सुटायला कठीण जाते.

एक काकू आल्या होत्या. त्यांचे मालक पुण्याला एका कंपनीत ड्रायव्हर होते, नोकरीत असतानाच गेले. काकूंना फंडाचे पैसे मिळाले, पेन्शनचं कुणी बोललं नाही. नोकरीत असताना कामगार गेला तर विधवेच्या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही, त्याचा एक महिन्याचा भरणा असला तरी पुरतो. काकूंचा अर्ज केला, आता त्यांनाही पेन्शन आहे.

आण्णांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मिलवर आणि लोडिंगवर राबून बोटांच्या रेषा गेल्यात, अंगठा मशीनवर उमटत नाही. आता चेहऱ्यावरून दाखला निघतो, मोबाइलवर घरीच. दाखला दिल्यापासून बारा महिने चालतो. नोव्हेंबरातच दिला पाहिजे असं नाही.

सध्या आण्णांबरोबर मिल हाऊसला असलेल्या एका चुलत्यांचं काम हातात आहे, पळसदेवचे. त्यांचे हंगाम सात भरतात, बाकीची वर्षं एका सूतगिरणीतली. गिरणी बंद आहे, तिचं दप्तर कुणाच्या ताब्यात आहे ते कळलंय, तिकीट नंबर मात्र चुलत्यांना तोंडपाठ आहे. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. त्यांनी टेन-सी भरलेला नाही, हे मी सगळ्यात आधी विचारून घेतलं.